दुधीच्या मनातल्या गाठी

माझ्या मामांइतका संशयखोर माणूस अख्ख्या भिलाईत सापडायचा नाही. कारखान्यात त्यांनी जन्मभर मीटर तपासले. आधी काहीही न जोडता काटा शून्यावर राहतो का पाहायचं, मगच मीटरवर विश्वास टाकायचा. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. सुपेल्याच्या बाजारात ते भाजीवाल्याला आधी रिकामा तराजू धरायला लावतात. माझ्या लग्नात भटजींचं घड्याळ मोबाइलशी ताडून त्यांनी मंगलाष्टकं चार मिनिटं थांबवली होती.

माझी धाकटी बहीण डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन उदासीतून सावरत होती. तेवढ्यात वैशाली नगरात एका मनोऊर्जा तज्ज्ञाने दुकान थाटलं. बोटाला क्लिप लावायची, पडद्यावर रंग नाचायचे आणि मनातल्या गाठी कागदावर छापून यायच्या. त्याने तिच्या गोळ्या बंद करवल्या. तिची झोप उडाली, जेवण सुटलं, तर म्हणे जुनं विष बाहेर पडतंय. बरं वाटलं तर यंत्राचा गुण, नाही वाटलं तर हिची श्रद्धा कमी. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. त्याहून जास्त राग स्वतःचा येतो, कारण तिला स्कूटरवरून तिथे मीच सोडत होतो.

मामांना कळलं तसे ते पिशवीत दुधी घालून आमच्याबरोबर निघाले. तज्ज्ञ फोन घ्यायला बाहेर गेला आणि मामांनी क्लिप दुधीच्या देठाला लावून बटण दाबलं. कागद आला: बालपणी वडिलांच्या प्रेमाचा अभाव. तज्ज्ञ परतताच मामांनी तो त्याच्यापुढे धरला.

"मले सांगा साहेब, या लौकीचा बाप कोन?"

"आपकी निगेटिव एनर्जी से मशीन डिस्टर्ब हो गई," तो थंडपणे म्हणाला.

"माणूस नसताना हे दुखणं दाखवते, अन् याच्या भरवशावर तुम्ही पोरीच्या गोळ्या बंद करून राहिले?" मामांनी विचारलं.

बाहेर आल्यावर बहीण मामांवरच उखडली. "तुमाले मशीन खोटी दिसली, मामाजी. तो मानूस तासभर माहं ऐकत होता. घरी कोन बसते माह्यापाशी?" कुणालाही उलटतपासणीशिवाय न सोडणाऱ्या मामांनी दुधीची पिशवी माझ्या हातात दिली आणि ते तिच्या बरोबरीने चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसतात. परवा ड्यूटीवरून आलो तर ती एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होती आणि मामा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत होते. मी दाराशीच थांबलो. एवढं तर मलाही जमलं असतं.