वत्सलामावशींचं रस्त्यातलं कमळ

वत्सलामावशी दारात रांगोळी काढत नसत, रस्त्याच्या मधोमध काढत. स्नेहलतागंजातल्या आमच्या गल्लीच्या वळणावर, रोज सकाळी, परातीएवढं कमळ. मी गल्लीत नवीन होते. मला वाटलं, या बाईंना आपलं अंगण कुठे संपतं ते कळत नसावं.

कारण होते त्यांचे यजमान. महूच्या लष्करी छावणीतून रिटायर झालेले. मावशी त्यांना 'आमचे फौजी' म्हणत. अर्धांगवायूनंतर ते डावा पाय ओढत चालायचे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि चालायला होती ती एवढीच गल्ली. स्टेशनकडे जाणारे लोक मोठा रस्ता चुकवून तिच्यातूनच गाड्या पळवत.

पण रांगोळीवर चाक घालायला माणूस कचरतो. "अम्मा, बीच सड़क में कौन रंगोली बनाता है?" एक मोटारसायकलवाला ब्रेक दाबून ओरडला.

"भिया, तू रुकलास ना? मग बरोबर जागी काढली," मावशी म्हणाल्या. "जा आता बाजूने, आरामात." तेवढ्यात फौजी वळण ओलांडून गेलेले असत.

मग महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातली माणसं आली आणि त्यांनी खरंच गल्ली बदलली. गाड्यांचा रस्ता चिंचोळा केला, कडेला चालायला हिरवा पट्टा रंगवला आणि दोन्हींच्या मध्ये झाडांच्या मोठ्या कुंड्या ठेवल्या. गाड्या आपोआप हळू झाल्या. फौजी एकटे कोपऱ्यावर पोहे खायला जाऊ लागले. मावशी ओट्यावर बसून बघत राहत. "बघ गं, कसे ऐटीत चाललेत! जशी परेडच. माझी तर छुट्टी झाली." ते काही महिने त्यांनी रांगोळी दारातच काढली, लहानशी.

कुंड्या कोणी चोरल्या नाहीत. उन्हाळ्यात झाडं सुकायला लागली, तेव्हा समोरच्या जोशीकाकूंनी एक कुंडी फाटकाच्या आत घेतली. "बिचारीला पाणी तरी मिळेल." मग शेजारच्यांनी दुसरी घेतली. सगळ्यांनी मायेनेच नेल्या. रिकाम्या जागेत ज्याची त्याची गाडी उभी राहिली आणि हिरवा पट्टा तिच्याखाली गेला.

मावशी दारोदार फिरल्या. "कुंडी परत ठेव ना बाई. सगळ्या झाडांना मी पाणी घालते."

"अहो मावशी, आत्ता कुठे फुटवा आलाय. हलवलं तर मरेल हो," काकू म्हणाल्या.

"झाडाचं बघितलंस. माझ्या माणसाचं कोण बघणार?"

काकूंनी चहा घेणार का विचारलं.

दुसऱ्या दिवशी कमळ पुन्हा रस्त्यात आलं. पण आता कडेला गाड्या उभ्या होत्या आणि फौजींना त्यांना वळसा घालून चालावं लागे. एका सकाळी एक स्कूटरवाला कमळ वाचवायला कडेला वळला. त्याच वेळी फौजी उभ्या गाडीमागून बाहेर आले. स्कूटरच्या धक्क्याने त्यांचा खुबा मोडला. ते पुन्हा उठले नाहीत, आणि पावसाळ्याआधी गेले.

स्कूटर का वळली, हे मावशींना कोणी सांगावं लागलं नाही. त्या ओट्यावरच बसल्या होत्या. रांगोळीवर चाकाचा डागसुद्धा नव्हता.

पुढे काकूंनी हळूच विचारलं, "मावशी, रांगोळी बंद केलीत?"

"आता कोणाला चालायचंय?"

मग त्या देपालपूरला मुलीकडे गेल्या. काकूंच्या फाटकाआडचं झाड आता भिंतीवरून बाहेर डोकावतं. मावशी गेल्यावर काही दिवस रोजचे गाडीवाले त्या वळणावर सवयीने ब्रेक दाबायचे, खाली बघायचे. आता तेही दाबत नाहीत.