काकूच्या काळजातली चमक

मुंबईचे एक डॉक्टर दर रविवारी पेणला टू-डी एको करायला येत. आमच्या घरात हृदयाची दुखणी फार, म्हणून त्यांची माझी चांगली ओळख झाली होती. पडद्यावर हृदय दिसलं की ते त्याच्याशीच बोलत, "या, या. जरा इकडे वळा."

एकदा रोह्याच्या म्हाताऱ्या काकूला घेऊन गेलो. तिला दम लागे, पाय सुजत. तिची सून म्हणे, सोंग आहे.

डॉक्टर बघता बघता खुर्चीतून उठलेच. "ही भिंत केवढी जाड झालीय, आणि चमकतेय कशी! स्नायूत नको ते प्रथिन साचलंय बहुतेक. आजवर पुस्तकातच वाचलं होतं."

मग ते ओशाळले. काकूचा हात धरून म्हणाले, "माफ करा, आजी. मुंबईला खात्री करून घेऊ. हा आजार बरा होत नाही, पण सूज उतरवता येईल."

"म्हंजे सोंग नाय ना?"

"मुळीच नाही."

"मग हसा की. सून भायेर बसलीय, तिला दावा."

डॉक्टर हसतच दाराशी गेले. "या हो आत. तुमच्या सासूबाई खऱ्या निघाल्या."