डोकेदुखीची उलटतपासणी

कुणी डोकं दुखतं म्हटलं की लेप सुचवायचा सोडून त्याची जबानी घेणारा माणूस साऱ्या हैदराबाद संस्थानात एकच होता, आणि तो औरादला आमच्या शेजारी राहायचा. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. कोर्टातून, न्यायाधीशापुढं कागद मांडणारे पेशकार म्हणून निवृत्त झालेले. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीतली उर्दू गेली, अप्पांच्या तोंडातली मात्र गेली नाही. 'डोकं दुखायलंय' एवढं कानावर पडायचा अवकाश, अप्पा मांडी ठोकून बसत. "एका अंगाला का दोन्ही? ठणकायलंय का आवळायलंय? सकाळी का सांजचं? बयान सरळ दे!" बाजारच्या दिवशी एका कापडवाल्याला त्यांनी असं घोळात घेतलं, की गिऱ्हाइकं कापड सोडून साक्ष ऐकू लागली. शेवटी अप्पांनी त्याचा नवा घट्ट फेटा स्वतःच्या हातानं सोडला. "जा, बरा झालास." आणि तो खरंच बरा झाला! एका पटवाऱ्याचं डोकं तहसीलदार येणार त्याच दिवशी उठायचं. "ह्याला औषध न्हाई, बदली हाय," हा अप्पांचा निकाल. लोक हसायचे. मी तिथं शाळामास्तर, मीही हसायचो.

त्या हिवाळ्यात माझ्या आईचं डोकं दुखू लागलं. उजव्या भुवईवर, दिवेलागणीला; ओकारीही व्हायची. शेजारणी म्हणाल्या पित्त, म्हणून मी सुंठ उगाळून लावत होतो. एका संध्याकाळी अप्पा आले आणि प्रश्न सुरू झाले. आई वैतागून उत्तरं देत होती.

"अक्का, कंदिलाकडं बघा. भवताली काही दिसायलंय?"

"रंगीत कडं दिसतंय की. इंद्रधनुष्यासारखं."

अप्पा उठले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "मास्तर, हे डोक्याचं न्हाई, डोळ्याचं हाय. सकाळच्या मोटारीनं हैदराबादला न्या. रजा मागत बसू नका."

आवाजात थट्टा नव्हती. मी गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. आणखी थांबला असतात तर नजर गेली असती. शस्त्रक्रिया झाली, डोळा वाचला.

परतल्यावर आईला घेऊन अप्पांच्या घरी गेलो. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिला दिसत नाही हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं; कशानं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"अप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"हिचंबी असंच दुखायचं," ते हळूच म्हणाले. "रंगीत कडं दिसायलंय म्हणायची. मी हसण्यावारी नेलो. वरीसभर नुसता लेप लावत बसलो."

आई त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसली. पुढं माझी बदली होईपर्यंत ती रोज दुपारी तिथं जायची. रस्त्यानं कोण चाललंय, कुणाच्या दारात काय वाळत घातलंय, ते बघून त्यांना सांगत राहायची. अप्पा तेवढा वेळ उंबऱ्याशी उभे राहून ऐकत असत.