काळी काच

केवळराम मारबतेनं उभा जन्म पाण्याकडं पाहून काढला. आजा ढिवर, बाप ढिवर, आणि घर तलावाच्या बांधाला, पारीला लागून. डोंग्यात उभा राहिला का पाणी कुठं थरथरलं, बुडबुडे कुठून निघाले, एवढ्यावरून तो खाली मरळ आहे का रोहू ते सांगायचा. उन्हात चमकणाऱ्या पाण्याकडं चाळीस वर्षं पाहून डोळे आटले. पन्नाशी आली तेव्हा डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शिबिरात ऑपरेशन झालं, दिसायलाही लागलं, पण ऊन सोसेना. समोर सूर्य आला का त्या डोळ्यातून धार लागायची.

हेल्मेट त्यानं घेतलं ते जवाहरनगरला मासळी विकायला जाता यावं म्हणून. कार्तिक लागला का आसपासच्या गावांत अर्धी घरं मासळी सोडतात. जवाहरनगरच्या कारखान्याच्या कॉलनीतली बंगाली, ओडिया बिऱ्हाडं मात्र बारा महिने खातात. तिथं गेटवरचा जवान उघड्या डोक्याच्या गाडीवाल्याला आत सोडत नाही. म्हणून केवळरामनं भंडाऱ्यातून एक टोप आणला. दुकानदारानं त्याचा डोळा पाहिला आणि टोपाबरोबर दोन काचा दिल्या, एक काळी, एक पांढरी.

"कारी दिवसाची, पांढरी रातची," दुकानदार म्हणाला. "दिवस बुडाच्या आंधी कारी काढाची. रस्त्यात जंगल लागत असन तं जंगलाच्या आंधीच काढाची. सावलीत कारी काच म्हंजे डोऱ्यावर पट्टी."

केवळरामनं हे शब्द देवाच्या आज्ञेसारखे पाळले. पवनी रोडवरून त्याच्या गावाचा रस्ता जिथं फुटतो त्या फाट्यावर धर्मेंद्रची चहाची टपरी आहे. संध्याकाळी परतताना केवळराम तिथं थांबायचा. गाडीवर मागं मासळीचा रिकामा डबा, हँडलला थैली. चहा सांगायचा, दोन्ही बाजूची बटणं दाबून काळी काच काढायची, बायको बायाबाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायची, पांढरी चढवायची, मग चहा प्यायचा. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

"काय केवळमामा, रातचे डोरे लावता का?" धर्मेंद्र रोज विचारायचा.

"लावतो बे. तुह्या चहातली माशी दिसली पायजे."

त्या दिवशी टपरी बंद होती. दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, दिवसा दंडारीचा खेळ, राती नाटक. धर्मेंद्र आपली शेगडी घेऊन शेजारच्या गावच्या मंडईत गेला होता. चहा नाही म्हणून केवळराम थांबला नाही, आणि थांबला नाही म्हणून काच राहिली. शिवाय फाट्यावरून रस्ता मावळतीकडं वळतो. सूर्य बरोबर नाकासमोर होता. काळी काच तेव्हा गोड लागली. जंगलाच्या तोंडाशी बदलू, असं तो मनात म्हणाला.

जंगलाचं तोंड आलं कधी आणि गेलं कधी ते कळलं नाही. सागाच्या सावलीत शिरला आणि कुणी अंगावर घोंगडी टाकावी तसं झालं. त्यानं काच वर केली, दिवा लावला. त्या दिवसांत धान पिकत आलेला असतो आणि संध्याकाळी तुडतुड्यांचे थवे उजेडावर झेपावतात. मूठभर तोंडावर आले. एक ऑपरेशनच्या डोळ्यात गेला. केवळरामनं काच खाली ओढली. गाडी थांबवायची, थैलीतली पांढरी काढायची, एवढंच करायचं होतं. पण दोन-तीन किलोमीटर तर उरलं होतं, रस्ता पायाखालचा होता, आणि डोळा चुरचुरत होता. त्यानं गाडी फक्त जरा हळू केली.

जंगल संपतं तिथं आठ-दहा घरांची टोली आहे. टोलीतल्यांना अंगण पुरत नाही, म्हणून आधी निघणारा हलका धान मळला का तो डांबरी रस्त्यावर वाळू घालतात. अर्धा रस्ता धानाचा, अर्धा गाड्यांचा. मधे हद्दीला दगड आणि बेशरमच्या फांद्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं, केवळरामलाही होतं. गोदावरीबाई खराट्यानं धान गोळा करत होती. पासष्टीची बाई, विटक्या मातकट लुगड्यातली, कमरेत वाकलेली. काळ्या काचेतून धान, रस्ता आणि बाई एकाच रंगाची झाली होती.

पुढचं चाक दगडावर चढलं. दोन हात वर झालेले दिसले. हँडल कशाला तरी लागलं, आणि गाडी वीस पावलं घसरत जाऊन बेशरमच्या झुडपात आडवी झाली.

केवळराम उठला. गुडघा फुटला होता. टोप काढला, तो तिथंच झुडपात पडला. धावत मागं आला. बाई धानात पडली होती, एक पाय नको तसा वळलेला.

"कोन व्हय?"

"मी. केवळराम."

"ढिवराचा केवळराम? बरा आला बाप्पा! देवच आला. कोन्ता तरी काऱ्या काचेचा मेला मारून पराला. तोंडही नाही दिसलं त्याचं."

केवळरामचं तोंड उघडलं होतं. बाईनं त्याचा हात धरला आणि ती विव्हळायला लागली. आधी दवाखाना, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. त्यात खोटंही नव्हतं. त्यानं हाका मारल्या. टोलीतून तिचा मुलगा जागेश्वर आला, सून शालू आली, कुणाचा तरी पिकअप आला. भंडाऱ्यापर्यंत बाईचं डोकं केवळरामच्या मांडीवर होतं. वाटेत ती तीनदा जागेश्वरला म्हणाली, "हा नसता आला तं मी मेली असती."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, बाई घरी आली, खाटेवर पडली. आणि सांगायची वेळ काही आली नाही. म्हणजे रोज आली आणि रोज गेली. केवळराम टोलीवरून जायचा तेव्हा खाटेवरून हाक यायची, "केवळभाऊ, चहा पिऊन जाय." शालू चहा आणायची, बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "हा पाहा, ह्यानं मले उचललं." लोक मान हलवायचे. केवळराम बशीत पाहून चहा प्यायचा.

झुडपातली गाडी आणि टोप अंधारात कुणाच्या नजरेला पडले नव्हते, आणि त्या राती दवाखान्यातून परतताना त्यानं ते गुपचूप घरी नेले. घरी बायाबाईला पहिल्याच दिवशी कळलं. काळ्या काचेवर आडवा ओरखडा होता, आणि टोपाच्या अस्तरात चार दाणे धानाचे.

"हे कोनाच्या धानातले?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली.

"सांगान तं गाडी जाईन, लायसन जाईन. बाजार कोन करन? तिचं हाड तं बसन ना? मंग आता आपलं कायले मोडता?"

"बाई मले देव म्हनते व."

"म्हनू द्या. तिचं काय जाऊन राहिलं?"

त्यानंतर केवळरामनं काळी काच चढवली नाही. सकाळी उगवतीचं ऊन, संध्याकाळी मावळतीचं, दोन्ही त्यानं उघड्या डोळ्यावर घेतलं. फाट्यावर येईपर्यंत डोळा लाल होऊन सुजायचा. धर्मेंद्र म्हणाला, "मामा, दिवसाचे डोरे कुठी हरपले?" केवळराम कप घेऊन पाठमोरा बसला, आणि धर्मेंद्रनं पुन्हा विचारलं नाही.

असे दोन महिने गेले, तशी दोन वर्षंही गेली असती. पण जागेश्वर गप्प बसणारा नव्हता. काळ्या काचेचा गाडीवाला दिसला का तो रस्त्यात आडवा व्हायचा. "काच वर कर. त्या दिवशी संध्याकाळी कुठी होता?" पौषातल्या एका दुपारी पवनीकडचा एक मास्तर त्याच्या हाती लागला. बारीक अंगाचा माणूस, नवीन टोप, काळी काच. तो काय उत्तर देऊ म्हणून अडखळला, आणि जागेश्वरनं ते अडखळणं पुराव्यासारखं धरलं. गचांडी धरून दोन थापडा दिल्या. मास्तरचा चष्मा रस्त्यावर पडून फुटला.

केवळराम तिथंच गाडीला टेकून उभा होता.

"सोड गा जागेश्वर. हा नाही."

"तुमाले काय ठावं? तुमी तं मंगाहून आले."

मास्तर खाली बसून काचांचे तुकडे गोळा करत होता. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो हातानं रस्ता चाचपत होता. केवळरामनं त्याला तुकडे उचलून दिले. मास्तर म्हणाला, "धन्यवाद, काका."

दुसऱ्या दिवशी तो तलावावर गेला नाही. सकाळी टोप घेतला, लुगड्याचं फडकं सोडलं, काळी काच टोपावर चढवली. बायाबाई दारात उभी होती. तो जवळ येताच ती बाजूला सरली.

गोदावरीबाई अंगणात खाटेवर उन्हाला होती. जागेश्वर पाट्यावर विळा घासत होता. शालू चहा ठेवायला आत वळली.

"चहा नोको, बेटा," केवळराम म्हणाला. मग खाटेजवळ उकिडवा बसला. "बाई, तो मीच होतो."

"कोन तू?"

"काऱ्या काचेचा. काच बदलवली नाही, दिसलं नाही. तुमाले मीच मारलं. मंग टोप काढून आलो."

विळ्याचा आवाज थांबला. गोदावरीबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या टोपाकडं.

"घाल तो."

"बाई..."

"घाल म्हनलं ना. काच पाड."

त्यानं टोप घातला, काच पाडली. बाई कोपरावर रेटून वर झाली आणि त्या काळ्या काचेत डोकावून बराच वेळ पाहत राहिली.

"हो," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यात मीच दिसली होती. दोनी हात वर. राती झोपेत तेच दिसते. काढ आता."

जागेश्वर उठला तो विळ्यासकट. बाईचा आवाज चढला, "विळा ठेव! एकाले मारून पोट नाही भरलं तुह्यं?" जागेश्वर जागच्या जागी थांबला. काल ज्याला मारलं तो मास्तर त्याच्याही डोळ्यांपुढं आला असावा, कारण विळा त्याच्या हातातून आपोआप खाली आला.

"काहून सांगतलं?" बाईनं केवळरामला विचारलं. "मी तं सुखात होती. मले वाटे, एकानं पाडलं तं एकानं उचललं. आता उचलनाराही गेला."

 केवळराम हात जोडायला गेला.

"हात नोको जोडू. ठान्यात जा."

केवळरामनं गाडीची किल्ली जागेश्वरपुढं धरली. जागेश्वरनं ती घेतली, गाडी त्यानं चालवली आणि केवळराम मागं बसला.  मास्तरचं गाव वाटेत लागतं. तिथं जागेश्वरनं गाडी थांबवली, एकटाच आत गेला आणि मान खाली घालून परत आला.

चार दिवसांनी जमादार बाईचा जबाब घ्यायला टोलीत आला. खाटेशेजारी खुर्चीवर बसला, मांडीवर कागद ठेवला.

"धडक दिल्यावर आरोपी पळून गेला का?"

"पराला नाही," गोदावरीबाई म्हणाली.

जमादारानं लिहिलं, "आरोपी जागेवर थांबला."

"काय लिवलं?" तिनं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं.

"थांबला असंही नोको लिवा."

"मग काय लिहू, बाई? पळाला नाही, थांबला नाही, असं कागदावर नाही चालत."

गोदावरीबाईनं कूस बदलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शालूनं येऊन पायाखाली उशी सरकवली.

"लिवा," ती म्हणाली, "दोन महिन्यानं आला."