पंचांगाखालची जाहिरात

मोबाईलवर जाहिरात उसळली की सर तिच्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "तू गप बस. तुले कोनं बोलावलं?" लोणारच्या आमच्या शाळेत ते संगणक शिकवत, मी मराठी.

शाळेत धडा उघडला की शेजारी रमीची जाहिरात नाचायची. सरांनी राऊटरजवळ एक छोटी डबी जोडली. कुठल्याही संगणकानं जाहिरातीचा पत्ता विचारला, की डबी सांगायची, इथं असं कुणी राहतच नाही. सगळी शाळा एका डबीनं निवांत झाली. माझं ज्ञान एवढंच. जास्त विचारलं की ते तासभर बोलत, म्हणून मी विचारत नसे.

मग तशीच डबी त्यांनी घरी बसवली, पण ती हौसेनं नाही. वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, साखरेचा आजार. मोबाईलवर पंचांग उघडलं की खाली यायचं, 'आई, पाय जळजळतात का? गोळ्या सोडा, आमचा काढा घ्या.' वहिनींनी खरंच गोळ्या सोडल्या आणि एका दुपारी ओट्यापाशीच कोसळल्या. त्या दवाखान्यातून परत येईपर्यंत घरातल्या जाहिराती बंद झाल्या होत्या.

वहिनी मात्र रुसल्या. मी चहाला गेलो तेव्हा माझ्यादेखतच म्हणाल्या, "तो काढेवाला झूठा असन, हाव. पन पाय जळजळतात काय, हे तरी इचारे. या घरात कोनं इचारलं मले?"

सर बशीकडे बघत राहिले.

त्यानंतर शाळा सुटली की ते रेंगाळेनासे झाले. "चाललो सर. घरी इचारायचं राह्यलं," म्हणत गाडीला किक मारायचे. आम्ही चिडवायचो, पण मला मनातून त्यांचा हेवा वाटायचा. रोज संध्याकाळी ते पायांना खोबरेल चोळून देतात, हे वहिनींनीच लाजत सांगितलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सर अचानक गेले. काही दिवसांनी मी घरी भेटायला गेलो, तर राऊटर बदलताना कुणीतरी ती डबी काढून ठेवलेली.

"वहिनी, जाहिराती पुन्हा येत असतील ना? जोडून देऊ का?"

"द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "तो काढेवाला रोज इचारून राह्यला, अन् मले त्याले हो म्हनावं वाटते."

मी डबी जोडली. वहिनींनी पंचांग उघडलं. खाली नुसती पांढरी जागा होती, तिच्याकडे त्या पाहत राहिल्या. पाय जळजळतात का, हे आता मी विचारायला हवं होतं. पण तो प्रश्न सरांचा होता, माझ्या तोंडून निघेना.