न भिजवलेल्या अळ्या

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. धंदा माझा मोटर रिवायंडिंगचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरायची, वेढे मोजत तास तास एका जागी बसायचं. तिथं मात्र मी बसायचो, कारण हात चालू असायचे. हात थांबले की डोकं सुरू. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी हाय आणि डोक्यात भुंगा.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. कळंबला हायवेपासून जरा आत आमचं घर. घरात आम्ही तिघंच, मी, बायको आणि आई. बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीच्या दोन्ही खेपांना पाचवा महिना काही आम्हाला बघायला मिळाला नव्हता. या वेळी मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, दिवस भरेपर्यंत खाट सोडायची नाही, उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं.

बायको निमूट आडवी झाली. पडून राहायचं होतं तिनं आणि तडफडत होतो मी. दुकानात वेढे मोजताना आकडा चुकायला लागला. शेतकरी मोटर न्यायला यायचा आणि मी मोटर उघडी टाकून घरी पळालेलो असायचो. दारातून आत डोकवायचं, काही नाही ना बघायचं, परत जायचं. दिवसातून चार-चार फेऱ्या.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मला मासे आणा की. काचंच्या पेटीतले. पडल्या पडल्या बघत जाईन."

मला कामच मिळालं. तसाच गाडीला किक मारून नारायणगाव गाठलं. तिथं स्टँडजवळ एकजण शोभेचे मासे विकायचा. अडीच फुटी पेटी, हवेचा पंप, खडी आणि सहा गोल्डफिश एवढं सगळं टेम्पोत घालून आणलं आणि बायकोच्या खाटेसमोर स्टुलावर मांडलं. सहांत एक तांबडा होता, सगळ्यांत मोठा, लिंबासारखा गोल. तोंड उघडझाप करत दिवसभर काचेला नाक लावून असायचा.

आठवड्याच्या आत मी मनाशी एक खुळचट गोष्ट ठरवून बसलो. हे सहा जगले तर पोटातलं जगेल. का? तर काही नाही. कुणाला सांगितलं असतं तर शेण घातलं असतं तोंडात. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पितो. त्या दिवसापासून माझा सगळा जीव त्या पेटीत.

दुकानदारानं पुडीतले दाणे दिले होते. पुढच्या फेरीला तो म्हणाला, "भाऊ, नुसत्या दाण्यावर रंग उतरतो. त्याचं खरं खाणं बी द्या. डासाच्या अळ्या, गांडूळ बारीक करून, पालक उकडून. मग बघा लाली."

आमच्या गोठ्यामागं गुरांच्या पाण्याचा हौद होता. त्यात अळ्यांना काय तोटा. स्वयंपाकघरातलं चहाचं गाळणं घेतलं आणि हौदावर वाकलो. मासे असे तुटून पडले की विचारू नका. मी खूश, बायको बघतेय, आणि मागं आई उभी.

"आरं, घरात दोन जिवांची बाई. आन् तू जितं किडं मारायला घालतो व्हय?"

आमच्याकडं बायकोला दिवस असले की नवऱ्यानं जीव मारायचा नाही. घरात साप निघाला तरी शेजाऱ्याला हाक मारायची. हे मी पाळत होतोच. कोंबडीवर सुरी धरणंसुद्धा बंद केलं होतं. तरी मी म्हटलं, आई, मी कुठं मारतोय, मासे मारतायत. आईनं माझा मुद्दा शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि माझ्या हातातलं गाळणं काढून घेतलं.

मग तिनं स्वतः भाकरीचा चुरा घातला, भाताची शितं घातली. दोन दिवसांत पाणी ताकासारखं झालं आणि खोलीला वास सुटला. मी पाणी उपसून बदललं, परत नारायणगाव गाठलं.

या वेळी दुकानदारानं एक छोटी डबी पुढं केली. आत काडीसारख्या बारीक, लालभडक, वजनाला काहीच नाहीत अशा अळ्या. गोठवून सुकवलेल्या. "मेलेल्याच हायत," तो म्हणाला. "फक्त वाटीत पाणी घिऊन धा मिनिटं भिजवायच्या, मग टाकायच्या. न भिजवता टाकू नका."

डबी मी थेट आईपुढं नेली. कोर्टात कागद ठेवावा तशी. तिनं दोन अळ्या तळहातावर घेतल्या, चुरगाळल्या, वास घेतला.

"कुणी मारल्या ह्या?"

"कारखान्यात."

"कुठल्या?"

"लांबच्या. परदेशातल्या."

"मग आपल्याकडं न्हाई लागत," आई म्हणाली. "ज्यानं मारल्या, त्यो बघून घिईल."

निकाल लागला. मी वाटी घेतली, पाणी घातलं, चिमूटभर अळ्या सोडल्या आणि खाटेच्या पायाशी ठेवून घड्याळ बघत बसलो. थोड्या वेळानं आई वाटी उचलायला आली. अळ्या फुगून लुसलुशीत झाल्या होत्या, वाटी हलली की त्याही हलत होत्या.

"जित्या झाल्या," आई म्हणाली आणि वाटी खाली ठेवून दोन पावलं मागं सरली.

मी समजावलं, ते पाणी हलतंय. तिला पटेना. "मेलेल्यात पाण्यानं जीव घालायचा आन् पुन्हा खायाला द्यायचा? ह्ये तर लईच वंगाळ. एकदा मारल्यालं परत मारायचं." खाटेवर बायको पोट धरून हसायला लागली. मी तिच्यावरच खेकसलो, हसू नकोस, टाका तुटेल. ती गप झाली. ते गप होणं मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी आईनं तोड काढली. द्यायच्या तर कोरड्याच द्या. मला वाटलं, काय फरक पडतो, पुडीतले दाणेही कोरडेच असतात. आणि आईशी वाद घालत बसायला मला धीर कुठला. वर आणखी शहाणपणा माझा असा की, जीव घाबरा झाला की एक चिमूट टाकायची. माझा जीव दिवसातून दहादा घाबरा व्हायचा. मासे नको म्हणत नाहीत. तांबडा तर माझी सावली दिसली की वर यायचा.

सातवा लागला आणि तांबडा तिरका पोहायला लागला. डोकं खाली, शेपूट वर. पोट टम्म. दुसऱ्या दिवशी कुशीवर पडून गोल गोल फिरायला लागला. बाकीच्यांचीही पोटं सुटलेली. नारायणगावपर्यंत गाडी कशी चालवली मला आठवत नाही.

"भिजवत न्हवता का?" दुकानदारानं पहिलं हेच विचारलं. "कोरडी अळी पोटात जाऊन फुगती, भाऊ. वर तुमी किती घालत व्हता?"

किती, ते मी सांगितलं नाही. दोन दिवस उपाशी ठेवा, मग उकडलेला वाटाणा साल काढून बारीक करून द्या, असं तो म्हणाला. आईनं वाटाणा उकडला, एकेक दाणा सोलला. हे खाणं तिला मनापासून पसंत पडलं. पाच मासे सुधारले. तांबडाही दोन दिवस सरळ झाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा उलटला.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मी खोलीत गेलो तर तो वर तरंगत होता. बायको भिंतीकडं तोंड करून झोपलेली. मी त्याला हातानंच उचललं, टॉवेलात गुंडाळलं, हौदामागं नेऊन पुरलं आणि हात धुऊन परत आलो. ती उठून उशीला टेकली होती.

"तांबडा कुठंय?"

"नारायणगावला नेऊन ठेवलाय. औषधाला."

"गाडीचा आवाज तर आला न्हाई."

मी पंपाची नळी उगाच सरळ करायला लागलो.

"पाहटंच बघितला मी," ती म्हणाली. "मेलेला व्हता. तुमी यायच्या आत उठून टाकून यावा वाटलं. पण मला उठायची बंदी. मग भिंतीकडं त्वांड करून पडले. म्हणलं, आता ह्यांचं कसं व्हायचं."

मी खाली फरशीवरच बसलो. ते खुळचट ठरवलेलं सगळं तिला सांगून टाकलं, सहा जगले तर, वगैरे. सांगताना रडलो. तिनं ऐकलं.

"मेला तर मेला. पोट माझं हाय, माशाचं न्हाई," ती म्हणाली. "आन् मासे मला कुठं पायजे व्हते? तुमच्यासाठी मागितले."

"माझ्यासाठी?"

"बाथरूममधनं आले की तुमी माझ्या तोंडाकडं बघता. दर खेपेला. रक्त दिसलं का म्हणून. विचारत न्हाई, नुसतं बघता. मला त्या दारातनं भायेर यायचीच भीती वाटाय लागली व्हती. म्हणलं, ह्या माणसाला बघायला दुसरं कायतरी द्यावं."

मला लाज वाटली. अशी लाज पुन्हा कधी वाटली नाही. मी समजत होतो, मी तिला जपतोय.

त्या दिवसापासून आईला न विचारता मी अळ्या भिजवू लागलो. दिवसातून एकदा, मोजून एक चिमूट. आई त्या वेळी परसात निघून जायची. आणि बाथरूमची कडी वाजली की मी पेटीकडं तोंड फिरवायचो. पाच मासे मोजायचो. ते हलतात, मोजणी चुकायची, परत एकपासून. पाठीमागून तिची पावलं खाटेपर्यंत जायची, खाट कुरकुरायची, मगच मी वळायचो. मान अवघडून जायची. एवढं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

नववा भरत आला. डॉक्टरीणबाईंनी टाका काढला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी, कडी वाजली. मी पेटीकडं वळलो. पाच मोजले. परत मोजले. पावलं खाटेकडं गेली नाहीत. ती माझ्या पाठीशी येऊन थांबली आणि तिनं ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "कळा सुरू झाल्या. आता बघा माझ्याकडं."