थिओडिस रकरला मारलेली हाक

आमचे दाजी थिओडिस रकर बोलायला फार कंजूष. कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, गाठी उचलायचं काम करायचे. पायावर गाठ पडली तरी हा माणूस 'आई गं' उद्या म्हणेल, असं तिथले लोक म्हणायचे. पण तेच दाजी डाव्या करंगळीत फुटक्या बाटलीची घासून गुळगुळीत केलेली मान चढवून गिटारच्या तारांवर फिरवायला लागले, की आमचं आख्खं मॉसी लँडिंग गाव कान देऊन ऐकायचं. ती गिटार हसायची, कुरकुरायची, याझू नदीतल्या बोटीच्या भोंग्यासारखी रडायची. मिसिसिपीत ब्लूजची गाणी वाजवणारे ढिगानं होते, पण तारेला असं बोलतं करणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

लहानपणी त्यांनी आईच्या झाडूची तार सोडवून घेतली, घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणली आणि तिच्यावर गोटा घासत बसले. आईला कळलं तेव्हा ती तोच झाडू घेऊन धावली. पण तारच नव्हती, त्यामुळे पहिल्याच फटक्याला काड्या अंगणभर पसरल्या. त्या झाडायलाही दाजींनाच लावलं, हातानं.

माझी थोरली बहीण ओझेला. तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो, असं पलीकडचेच लोक सांगायचे. दाजी तिच्यासाठी दर रविवारी चर्च सुटल्यावर आमच्या ओसरीवर येऊन बसू लागले. गिटार वाजवायचे, आईनं दिलेलं भाजलेलं रताळं खायचे आणि टोपी घालून निघून जायचे. पोरगा मुका आहे का, असं बाबांनी दोनदा विचारलं. लाजरा आहे, असं ओझेलानं सांगितलं.

एका रविवारी गिटारनं काहीतरी विचारलं. प्रश्न विचारताना शेवट वर जातो ना, तसा सूर वर गेला आणि तिथेच थांबला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ओझेला चवळी सोलत होती. तिनं मानही वर केली नाही.

"तुझी बाटली मला काहीतरी विचारतेय," ती म्हणाली. "मी काही बाटलीशी लग्न करणार नाही. तुला काही विचारायचंय का?"

दाजींनी बाटली करंगळीतून काढली, खिशात ठेवली, परत बाहेर काढली. "हो," ते म्हणाले.

"मग विचार."

"तेच," दाजी म्हणाले.

एवढ्यावर लग्न ठरलं.

लग्नानंतर दाजी शनिवारी लव्ही गॅटलिनबाईंच्या अंगणात वाजवायला जायचे. बाई कढईत मासे तळायच्या, लोक खायचे, नाचायचे. जेवण तयार झालं की ओझेला घराच्या पायरीवर येऊन हाक मारायची. "थी" खालून निघायचं, "ओ" चढत चढत कापसाच्या शेतांवरून लांबपर्यंत जायचं आणि "डिस" खाडकन खाली आपटायचं. त्या आपटण्यावरून ती किती रागावली आहे, हे सगळ्या गावाला कळायचं.

एकदा वाजवता वाजवता दाजींनी तारेवर ती हाक हुबेहूब काढली. त्यांचा कुत्रा डीकन माशांचे काटे चघळत पडला होता. तो ताडकन उठला आणि शेपूट पायात घालून घराकडे पळाला. लोक हसून हसून जमिनीवर लोळले. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी तीच फर्माईश केली. मग प्रत्येक शनिवारी. लवकरच लोक दाजींना विसरले, "ती ओझेला वाजव" म्हणू लागले.

हे ओझेलाच्या कानावर यायला वेळ लागला नाही. ती हाताला मक्याचं पीठ तसंच घेऊन गॅटलिनबाईंच्या अंगणात आली आणि मागे उभी राहिली. दाजी डोळे मिटून वाजवत होते. गर्दी हसायची थांबली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. ओझेलानं हातावरचं पीठ तिथेच झटकलं. वळली आणि घरी गेली.

त्यानंतर तिनं हाक मारणंच बंद केलं. दाजी परतायचे तेव्हा ताट झाकलेलं आणि चवळी गारढोण. भांडण नाही, रुसवा दिसत नाही, सगळं काम ठीक. फक्त आवाज नाही. आणि मग एक गंमत झाली. दाजींना ती हाक तारेवर सापडेना. सूर कधी वर घसरायचा, कधी मधेच बसायचा. डीकन तर मानही वर करीना.

शेवटी ते माझ्याकडे आले. तिला समजाव, असं म्हणायला त्यांना अर्धी दुपार लागली. मी म्हटलं, दाजी, हे तुमचं तुम्हीच निस्तरा. तरी बरोबर गेलो, कारण मजा बघायची होती.

ओझेला अंगणात कपडे वाळत घालत होती. दाजी चादरीच्या अलीकडे उभे राहिले.

"एकदा हाक मार," ते म्हणाले.

"का? तुझ्या गिटारचा घसा बसला?"

"हो."

चादरीपलीकडे आणखी एक कपडा झटकल्याचा आवाज आला. "माझा आवाज घेताना मला विचारलं होतंस?"

"नाही." मग दाजी मी ऐकलेलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य बोलले. "मला तो इतका आवडतो, की तो माझा नाही हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

चादर जरा हलली. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

तिनं अट घातली: माझी हाक वाजवायची तर मी समोर बसणार. तेव्हापासून गॅटलिनबाईंच्या अंगणात तिची खुर्ची ठरली. एका हातात मासा, दुसऱ्या हातानं सूचना. मी एवढी वर चढत नाही. इथे दम घेते. हे फारच गोड झालं, मी चिडलेली असते. लोकांना गाण्याइतकीच तिची बोलणी आवडायची.

आसपासच्या गावांतले तरुण गिटारवाले शिकायला येऊ लागले. दाजी कुणालाही काही समजावून सांगायचे नाहीत. बाटली करंगळीत कशी बसवायची तेवढं दाखवायचे आणि ओझेलाकडे बोट करायचे. ती त्यांना आधी तोंडानं हाक मारायला लावायची. जिनातली धट्टीकट्टी माणसं दाजींच्या घराच्या पायरीवर उभी राहून "थिओडिस, जेवायला ये" असं ओरडतायत, आणि दाजी शेजारीच बसून लाजतायत. पुढे त्यांतले कितीतरी मेम्फिसला गेले, शिकागोला गेले, आणि बरोबर ती हाकही घेऊन गेले.

बऱ्याच वर्षांनी आम्ही दुकानात लार्डचा, म्हणजे डुकराच्या चरबीचा, डबा घेत होतो. तिथल्या नाणं टाकून गाणं लावायच्या ज्यूकबॉक्सवर शिकागोच्या कुणा अनोळखी माणसाची रेकॉर्ड लागली आणि गाण्याच्या मध्यावर ती हाक आली. दाजी खिळून उभे राहिले. ओझेलानं मान तिरकी करून ऐकलं.

"सूर बरोबर आहे," ती म्हणाली. "पण ह्याच्या घरी कुणी रागावत नसणार."

नंतर दाजींची बोटं सांधेदुखीनं आखडली आणि गिटार भिंतीला टांगली गेली. वर्षभरानं ओझेलानंच ती खाली काढली. तिचा हात जड होता, पण कान पक्का. आता ती रविवारी चर्चमध्ये भजनाबरोबर वाजवते. पास्टरना ते मान्य होतं, फक्त करंगळीतली ती बाटली मुळात कशाची होती याची त्यांना शंका. त्यांनी ते ओझेलाला नाही, दाजींना गाठून विचारलं.

"खोकल्याच्या औषधाची," दाजी लगेच म्हणाले. इतक्या चटकन त्यांनी जन्मात कधी उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे पास्टरांचा विश्वास बसला नाही. पण ओझेलानं वाजवायला सुरुवात केली होती आणि सगळे गाऊ लागले होते. पास्टरही गाऊ लागले.